तिच्या पॅडचे पट्टे

आदिलाबादला आमच्या कॉलेजात मुलींचा हॉकीचा संघ होता आणि दोन वर्षं गोल मीच सांभाळला. पायांना भावाचे क्रिकेटचे पॅड, छातीला काहीच नाही. मांड्या काळ्यानिळ्या व्हायच्या; घरी कोणाला दाखवत नसे.

तिसऱ्या वर्षी हैदराबादहून गोलकीपरचं सामान आलं. जाड पांढरे पॅड, बुटांवर चढवायचे किकर, छातीचं कवच, जाळीचं हेल्मेट. खोकं उघडताच नव्या कातड्याचा वास सुटला. मी हात पुढे केला, तर सरांनी सगळं बेला गावाहून आलेल्या नव्या मुलीच्या अंगावर चढवलं. ती माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच.

"सर, गोलकीपर तो मैं हूँ," मी म्हणाले.

"तुमको बड़े पड़ते, अम्मा. दौड़ोगी कैसे?"

मी राखीव झाले. त्यात कवच घातल्यावर तिला वाकता येत नसे, म्हणून पॅडचे मागचे पट्टे मीच लावायचे. रोज मैदानात तिच्या पायांशी बसून मी ते जरा जास्तच आवळायचे. ती हसून म्हणायची, "तुह्यासारखं कोनालेच जमत नाई!"

निजामाबादच्या मुलींशी सामना होता. पेनल्टी कॉर्नरचा चेंडू थेट तिच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळला. खणकन आवाज झाला, सगळ्या धावल्या. ती मान झटकून पुन्हा गोलात उभी राहिली. टाळ्या पडत होत्या आणि मला एकच वाटत होतं, तो चेंडू माझा होता.

आम्ही जिंकलो. तिची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली आणि ती गेल्यावर सामान माझ्याकडे आलं. आतून तिच्या घामाचा वास येत होता. धावताना पॅड एकमेकांवर आपटले, मी तोंडावर पडले, चेंडू शेजारून निघून गेला.

पुढे एका सकाळी पेपरात तेव्हाच्या अखंड आंध्रच्या मुलींच्या संघाचा फोटो आला. गोलकीपर हेल्मेटमध्ये, चेहरा जाळीआड. उभं राहण्याची ढब मी लगेच ओळखली.

आईने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "हे कोन हाय वं, डोक्यात टोपडं घालून?"

"काय माहीत," मी म्हणाले आणि पान उलटलं.