उलटतपासणीत बाप सापडतो

कोर्टात मी टाइप केलेले कागद फायलीत जातात. ऐकलेलं मात्र माझ्याकडेच राहतं. स्टेनोचं काम म्हणजे साक्षीदार बोलतो, न्यायाधीशसाहेब सांगतात आणि आपण टाइप करतो. पाचोरा, जामनेर, बोदवड, जळगाव, धुळे अशा बदल्या झाल्या आणि प्रत्येक ठिकाणाहून मी डोक्यात एकेक गठ्ठा घेऊन निघाले. त्यात 'हे मूल माझं नाही' म्हणणाऱ्या केसेस सगळ्यात वर. ती फाइल पुकारली की मी आजही खुर्ची पुढे ओढते!

कायदा थोडक्यात सांगते. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं कोर्ट धरून चालतं. नवऱ्याला ते मान्य नसेल, तर गर्भ राहिला त्या दिवसांत आमची भेट होणं शक्यच नव्हतं, हे त्याने सिद्ध करायचं. डीएनए चाचणी मागितली की लगेच मिळते, असंही नाही. म्हणून सगळा भार साक्षीदारांवर. आणि साक्षीदार म्हणजे शेवटी माणसंच.

*

पाचोऱ्याची केस. नवऱ्याचं म्हणणं, मी वर्षभर सुरतला होतो, एकदाही इकडे आलो नाही. साक्षीला त्याच्या बहिणीचा नवरा. गडी पक्का तयार होऊन आलेला. "एक दिन बी वना नही," असं तीनदा म्हणाला.

बायकोच्या वकीलबाईंनी विषयच बदलला. "तुमच्या मुलाचं जावळ काढलं का?"

"हो, काढं ना." गडी खुलला.

"कुणाच्या मांडीवर?"

"मामानी मांडीवर. मामाबिगर जावळ कसं निघी?"

"मामा कोण?"

"हाऊ काय, आठेच बसेल शे." इथेच बसलाय म्हणून त्याने थेट नवऱ्याकडे बोट दाखवलं. जावळ त्याच वर्षातलं! वकीलबाईंनी सावकाश विचारलं, "आणि मामी?"

"मामी बी वनी व्हती. दोन्हीजण आठ दिन आमना घर राहिनात."

नवऱ्याचे वकील खाली मान घालून फाइलची नाडी बांधायला लागले.

*

जामनेरला उलटंच झालं. तिथे नवऱ्याचे तीन साक्षीदार, आणि तिघांच्या बोलण्यात काडीचाही फरक नाही. तेच शब्द, त्याच क्रमाने. पहिला म्हणाला, "सदर महिला तीन वर्षांपासून माहेरी राहत आहे." दुसराही तेच म्हणाला. गावाकडचा माणूस एरवी 'सदर महिला' म्हणतो का कधी?

तिसरा डोळे मिटून उभा राहिला आणि घडाघडा म्हणत गेला. अर्ध्यात म्हणाला, "सबब त्यांच्यात पती-पत्नीचे संबंध नव्हते, पान दोन पहा."

साहेबांनी मला विचारलं, "घेतलंत?"

मी म्हटलं, "पान दोनसकट घेतलं, सर."

*

पण प्रत्येक चूक म्हणजे खोटेपणा नसतो, हे मला बोदवडला कळलं.

एक आई लेकीसाठी साक्षीला आली होती. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारी बाई, तिला सगळे अक्का म्हणत. तिच्या प्रतिज्ञापत्रात नातवाचा जन्म जूनचा लिहिलेला, जन्मदाखल्यावर नोव्हेंबर. नवऱ्याच्या वकिलांना घबाड मिळालं. "म्हणजे तुम्ही शपथेवर खोटं सांगितलं?"

लेक मागच्या बाकावर बाळाला घट्ट धरून बसलेली. जन्म जूनचा धरला असता, तर नवरा परगावी होता ते दिवस नेमके जुळत होते.

अक्का गोंधळली, पण घाबरली नाही. "साहेब, मले तारीख नाही समजत. वकिलानं काय लिहिलं ते बी मले वाचता येत नाही. पोरीले कळा आल्या तव्हा मी कपाशी वेचून राहिली होती. वटीत कापूस तसाच घेऊन दवाखान्यात पळाली. नर्सबाईनं तो पिशवीत भरून दिला."

साहेबांनी टेबलावरचा दाखला पुन्हा उचलला. मग वकिलांना म्हणाले, "जूनमध्ये कापूस वेचतात का हो तुमच्याकडे?"

वकील स्वतः कापूसवाल्यांच्या घरचे. ते खाली बसले. लेकीने बाळाला मांडीवर सैल सोडलं.

*

जळगावात नवऱ्याचा संशय दोन मित्रांनी पेटवलेला, तेच दोघं साक्षीला आलेले. एक म्हणाला, वहिनी स्टेशनवर परक्या माणसाबरोबर दिसली. दुसरा म्हणाला, बसस्टँडवर. एकाने वेळ सकाळची सांगितली, दुसऱ्याने संध्याकाळची. माणसाच्या वर्णनावर मात्र दोघांचं एकमत. जरा लंगडतो, मिशी झुपकेदार, खांद्याला हिरवी पिशवी.

नवरा अचानक उभा राहिला. "साहेब, हा तर माझा साला आहे."

कोर्टात कुणी हसलं नाही. बायको त्याच्याकडे बघत राहिली. तो पुढच्या तारखेला वकिलांबरोबर आला आणि त्याने मूल माझंच आहे, असं लिहून दिलं. बायको लगेच नांदायला गेली नाही. तेही बरोबरच होतं.

*

आणि धुळ्याचे आबा. नवऱ्याचे वडील, त्याच्याच बाजूचे साक्षीदार. पांढरं धोतर, हातात टोपी. प्रतिज्ञापत्रात लिहिलेलं, 'अर्जदार क्रमांक दोन हिच्याशी आमच्या कुटुंबाचा संबंध नाही.' क्रमांक एक म्हणजे सून, क्रमांक दोन तिची सात वर्षांची मुलगी.

सुनेच्या वकिलांनी एवढंच विचारलं, "आबा, मुलीचं नाव काय?"

"यमुना."

"कुणी ठेवलं?"

"मीच ठेवं. मनी मायनं नाव शे."

साहेब पुढे झुकले. "आबा, कागदावर तुम्ही म्हणता संबंध नाही. आता म्हणता आईचं नाव दिलं. खरं कोणतं?"

आबांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा खिडकीकडे बघत होता.

"ते पोरानं लिखी आनं, मी सही करी. हाई मी बोली ऱ्हायनू."

मी टाइप केलं, रीतीप्रमाणे वाचून दाखवलं. "अर्जदार क्रमांक दोन हिचे नाव मी ठेवले आहे." सहीसाठी पेन पुढे केलं. आबांनी ते घेतलं नाही. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, आठे दोन नंबर नको लिखू. मनी नात लिख."

मी साहेबांकडे पाहिलं.

साहेब म्हणाले, "लिहा."