आग वरून लागली नव्हती

अकोल्याच्या जुन्या शहरात एका फुलवाल्या कुटुंबाचं घर आहे. खाली गोदाम, वर राहणं. गणपतीच्या आधी गोदामातल्या थर्माकोलनं पेट घेतला. माणसं वाचली, घर उभं राहिलं, आणि वर पुन्हा राहायला जायचं की नाही हे ठरवायला मला बोलावलं गेलं. जळालेल्या इमारतींची तब्येत बघणं हा माझा धंदा आहे. मुलगी काय करते, असं स्थळांनी विचारलं की माझ्या आईची फार पंचाईत व्हायची.

त्या घरच्या मावशी मला वर घेऊन गेल्या. वर फारसं काही बिघडलंच नव्हतं. देवाच्या तसबिरीवरचा हार तेवढा सुकला होता. अख्खं कुटुंब पातूरला भावाच्या दोन खोल्यांत कोंबून राहत होतं, दसरा तोंडावर आला होता, आणि झेंडूचे हार गुंफायची त्यांची जागा म्हणजे हीच खोली.

“म्याडम, एकच सांगा,” मावशी म्हणाल्या, “तुमी सोता इथं जेवाले बसता का?”

मी म्हटलं, हिशेब करून सांगते. त्यांना हे उत्तर आवडलं नाही. खरं तर मलाही नाही.

असा हिशेब आम्ही दोघं मिळून करतो. अमरावतीचा माझा एक कॉलेजातला मित्र आहे. आगीची उष्णता काँक्रीटच्या आत कुठवर पोचली ते तो थराथरानं काढतो. ते आकडे मी माझ्या संगणकावरच्या मॉडेलमध्ये भरते आणि तापून निघालेली तुळई आता किती वजन पेलेल ते बघते. आमचं भांडण फक्त एकाच गोष्टीवरून होतं, ते म्हणजे कुठल्या गावात जास्त ऊन.

या वेळी तर उत्तर फारच छान आलं. वरच्या खोलीचं वजन पेलणाऱ्या सगळ्या तुळया ठणठणीत. पडद्यावर तुळईच्या वरच्या अंगाला लालभडक रंग होता आणि खाली, जिथं वजन पेलणाऱ्या मुख्य सळया असतात, तिथं गार निळा. मित्र मुद्दाम अमरावतीहून आला होता. आम्ही चहा घेत ते चित्र कौतुकानं बघितलं.

“वरून चांगलीच तापली दिसते,” मी म्हटलं.

“छत वरूनच तापते न,” तो म्हणाला. “त्यात काय नवल हाये?”

दोघांनाही खरंच नवल वाटलं नाही. मे महिन्यात संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतून मोठी झालेली माणसं आम्ही. एखाद्या थंड गावच्या इंजिनिअरनं ते चित्र बघून लगेच भुवया उंचावल्या असत्या. मी मात्र मावशींना फोन लावायला घेतला.

नंबर शोधताना मोबाइलमध्ये त्यांच्याच घराचे फोटो समोर आले. गोदामाचं खालून काळंठिक्कर पडलेलं, खपल्या निघालेलं छत. वरच्या खोलीत मात्र तसबिरीवरचा तो हार, सुकलेला, पण जागच्या जागी. मी फोन बाजूला ठेवला.

“तुळईचे थर मोजायले तू कुठून सुरुवात केली?” मी विचारलं.

“खालून. आग खालीच होती न.”

मी नेहमी वरून मोजते. म्हणजे त्याचा पहिला आकडा सगळ्यात खालचा, माझा सगळ्यात वरचा; त्याची खालची आग मी उचलून थेट वरच्या खोलीत नेऊन ठेवली होती. मग त्यानं माझ्या पुढ्यातला चहा स्वतःकडे ओढला आणि म्हणाला, “आता तू चहा नको घेऊ, आकडे उलटव.”

उलटवले. मधली तुळई नापास झाली. तिच्या खालच्या सळया इतक्या तापल्या होत्या, की गार झाल्यावरही त्यांचा पूर्वीचा जोर परत येणार नव्हता. भर दसऱ्यात ती खोली माणसांनी आणि झेंडूच्या ढिगांनी भरली असती. मी फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. मावशी म्हणाल्या, “बरं. पातूरलेच गुंफतो.”

दसरा तिकडेच गेला. इकडे टेकू लागले, मधल्या तुळईला नव्या सळयांचं आणि काँक्रीटचं जाकीट चढलं. सगळं झाल्यावर मावशींनी मला जेवायला बोलावलं. वर गेले, तर खोलीच्या मधोमध एकच पाट मांडलेला. बरोबर त्या तुळईवर.

“बसा न,” मावशी म्हणाल्या.

मी बसले. मावशींनी पहिली भाकर माझ्या ताटात वाढली, मी दोन घास खाईपर्यंत उभ्या राहून बघितलं, आणि मग जिन्याकडे तोंड करून खाली थांबलेल्या नातवंडांना हाक मारली.