पंचवीस शब्दांचा कट्टा

नागरा गावची अल्का मेश्राम अंगणवाडीत मदतनीस होती. सेविका व्हायचं तर दहावी पास हवी, आणि इंग्रजीने तिला दोनदा एकतीस गुणांवर अडवलं होतं. पास व्हायला पस्तीस लागत. वयाची अट पाहता २००९ची परीक्षा तिची शेवटचीच. मी शेजारचा निवृत्त मास्तर, आणि स्वतःला फार हुशार समजणारा.

उलट अर्थाच्या शब्दांचा प्रश्न चार गुणांचा, तेवढा पक्का कर, असं मी तिला सांगितलं. पण वही घेऊन बसायला तिला सवड कुठे? अंगणवाडीतून आली की ती मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. मग मीच युक्ती काढली. पान वळताना मूळ शब्द म्हणायचा, बिडीचं तोंड दुमडून बंद करताना उलटा. हॅपी, अनहॅपी. पॉसिबल, इम्पॉसिबल. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, म्हणून शब्दही पंचवीसच. महिनाभरात तिला ते इतके पाठ झाले की मी गल्लीभर बढाया मारत फिरलो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी चहा पिताना सहज एक शब्द विचारला, तर तिला उलटा सांगता येईना. "गुरुजी, हात रिकामा रायला का शब्द येतच नाही," ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढचं तिनेच नंतर सांगितलं. चार शब्द समोर होते, चारही तिचे रोजचे, पण एकाचाही उलटा आठवेना. शेवटी तिने प्रश्नपत्रिकेची खालची कोरी पट्टी फाडली आणि बाकाखाली बिडीसारखी वळायला घेतली. पहिला शब्द लगेच आला. तो तिने लिहिला, आणि पर्यवेक्षकाने तिचं मनगट धरलं. त्याला ती कॉपीची चिठ्ठी वाटली.

"कोरा कागद आहे जी. मी बिडी वळून रायली होती," ती म्हणाली. सगळा वर्ग हसला. तिला केंद्रप्रमुखाच्या खोलीत नेलं, सुरळी उलगडून उजेडात धरली. त्यात काहीच नव्हतं. तरी त्या शहाण्यांनी तिच्याकडून जबाब लिहून घेतला आणि मग उत्तरपत्रिका परत दिली. ती बाकावर बसते न बसते तोच शेवटची घंटा झाली.

मी ऐकून तावातावाने उठलो, तक्रार करतो म्हणालो. पण तक्रारीत लिहिणार काय? कागद तिने फाडलाच होता, आणि वळता वळता शब्द म्हणायला मीच शिकवलं होतं. निकालात तिला बत्तीस मिळाले.

निकालाच्या संध्याकाळी तिच्याकडे गेलो तेव्हा ती दारात सूप घेऊन बसली होती. बोटं चालत होती आणि ओठही. पंचवीसच्या पंचवीस शब्द, एकही चूक नाही. मला पाहून तिने मान वर केली, पण हात थांबवले नाहीत. बिड्या तर द्यायच्याच होत्या.

"गुरुजी," ती म्हणाली, "आता हे बंद कसं करू?"

मी तिच्याजवळ पायरीवर बसलो.