चौकटीतला सासरा

भाचीचं लग्न माझ्या एका चुकीमुळे जमलं आणि ती चूक मी तीन महिने शहाणपण म्हणून मिरवली. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहितो.

माझी बहीण सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहते. तिच्या मुलीला पाहायचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर ठरला, कारण मुलगा बेंगळुरूला आणि त्याचे आईवडील साताऱ्यात. भाचीला मुलगा आवडला होता. दोघं आधी फोनवर बोललीही होती. पण दाजींनी बजावलं होतं, आण्णांनी हो म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. आण्णा म्हणजे माझे वडील. भाची लहानपणी त्यांच्यापाशी गावाकडं, केमला वाढलेली. आता आण्णांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि वस्तीवर रेंज नव्हती. फोटो त्यांनी पाहिला होता, पण "फोटोत समदेच गुणाचे दिसत्यात. बोलताना बघू द्या," असा त्यांचा हट्ट. तेव्हा मी कॉल रेकॉर्ड करून लॅपटॉप केमला न्यायचा असं ठरलं.

"मामा, अख्खी स्क्रीन नका हं घेऊ," भाची हळूच म्हणाली. "बाजूला मैत्रिणींचा ग्रुप उघडा असणार. त्या सासूबाईंवर काय काय लिहितील ते आजोबांनी वाचलं की संपलं माझं."

स्क्रीनचा हवा तेवढाच भाग रेकॉर्ड करायची सोय असते. मी माउसनं चौकट ओढली, बरोबर मुलाच्या चेहऱ्याभोवती, आणि चिवड्याची बशी घेऊन मागं जाऊन बसलो. नमस्कार-चमत्कार संपायच्या आत मुलाची आत्या नाशिकहून जोडली गेली. ती आल्याबरोबर पडद्यावरचे सगळे सरकले. मुलगा खालच्या कोपऱ्यात गेला. माझी चौकट मात्र होती तिथंच राहिली. मी तेव्हा चिवड्यातले शेंगदाणे वेचत होतो.

"नीट आलंय ना?" कॉल संपल्यावर भाचीनं विचारलं.

"एकदम," मी म्हणालो. फाइल उघडूनही पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं केमला गेलो. आण्णांच्या बाजेवर लॅपटॉप ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. मुलगा नमस्कार म्हणाला आणि गायब झाला. त्याच्या जागी टक्कल पडलेले, चष्म्यातले एक गृहस्थ येऊन बसले. आवाज मुलाचाच चालू होता.

"ह्यो कोण?" आण्णांनी विचारलं.

"मुलाचे... वडील." मी म्हणालो. पोरीचा संसार माझ्या चिवड्यापायी मोडतो की काय! बंद करायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे. बघू दे मला."

आण्णांनी पाऊण तास त्या माणसाला पाहिलं. भाची बोलायला लागली की ते गृहस्थ हातातला कप खाली ठेवायचे. आत्यानं विचारलं, "लग्नानंतर नोकरी सोडणार ना गं?" तेव्हा ते म्हणाले, "अक्का, ते तिचं ती बघेल." मग उठून गेले आणि स्वतःच चहाचा ट्रे घेऊन आले. चौकटीबाहेरून बांगड्यांचा एक हात आला आणि त्यातला कप उचलून घेऊन गेला.

आण्णांनी चष्मा काढला. "कुणाला हाक न मारता च्या आणला गड्यानं. दिली म्हणावं पोरगी." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरगं कुणीबी दावतं. सासरा दावायचं तुला सुचलं. शाना हायस की."

याआधी आण्णांनी मला कधी शहाणा म्हटलेलं आठवत नाही. मी मान डोलावली. खरं सांगितलं तर होकार परत जाईल अशी भीती होती, हे खरं. पण ते कौतुक सोडवेना, हे जास्त खरं. भाचीलाही काही बोललो नाही. तिकडं आण्णांनी गावभर सांगितलं. पुढच्या महिन्यात केमहून एका शेतकऱ्याचा फोन आला, "आमच्या पोरीचंबी तसंच करून द्या की. निस्ता सासरा."

साखरपुडा सोलापुरात झाला. आण्णा काठी टेकत आले आणि थेट व्याह्यांसमोर मला उभं केलं. "ह्यानंच तुमाला बरोबर धरलं बरं का!"

व्याह्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. ते मला सहन होईना. "नाही हो," मी म्हणालो, "मी मुलालाच धरलं होतं. आत्या आल्या, तुम्ही सरकून आत आलात, आणि मी चिवडा खात होतो."

भाचीनं कपाळाला हात लावला. "मामा! एकदम नीट आलं होतं ना?"

आण्णांनी काठीवर रेलून सभोवार पाहिलं. "म्हंजी पोराला बोलताना म्या अजून बघितलंच न्हाय. कुटंय त्यो?"

नवरा मुलगा पुढं आला, पाया पडला आणि तसाच उभा राहिला.

"बोल की कायतरी."

"आजोबा," तो कसाबसा म्हणाला, "चहा आणू का?"

आण्णांनी डोळे मिटून ऐकलं. "आवाज त्योच हाय," ते म्हणाले. "आन जा. ह्या शान्यालाबी एक आन. चिवडा नगं."