अण्णांचा रविवारचा डबा

बंगलोरात मल्लेश्वरमच्या आमच्या वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या सात बिऱ्हाडांत, १९६१ साली एक बातमी फिरत होती: दामोदरअण्णांनी यशवंतपूरच्या पलीकडे एक बाई ठेवली आहे. बातमी कुजबुजतच फिरायची, कारण अण्णा देवमाणूस. देवमाणसाची बातमी मोठ्यानं सांगितली की तिची चव जाते.

पुरावे मात्र भक्कम होते. दर रविवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून सायकल काढायचे. हँडलला पितळेचा डबा. एकदा सायकल भिंतीला टेकवून ते किल्ली आणायला आत गेले, तेवढ्यात मी डबा हुंगला. हो, हुंगला, आता या वयात लाजू कशाला? डब्यात मटणाचा रस्सा होता! चातुर्मासात कांदा न खाणारे अण्णा भल्या सकाळी मिलिटरी हॉटेलात, म्हणजे आमच्याकडच्या मांसाहारी खाणावळीत, शिरून रस्सा भरून आणत होते आणि वर घरचा दूधभात नेत होते. एवढं खाणारी बाई अंगापिंडानं चांगली भरलेली असणार, असा निष्कर्ष मी काढला आणि नळावर जाहीर केला.

अण्णा मूळचे निपाणीचे. इथल्या सरकारी कारखान्यात नकाशे काढायचे. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी अलका, नऊ वर्षांची. आई गेल्यापासून ती विचारल्याशिवाय बोलत नसे, आणि विचारलं तरी मान हलवून भागवायची. कोणीतरी म्हणालं, घरात कुत्र्याचं पिल्लू आणा, पोर बोलायला लागेल. अण्णांनी चौकशी केली आणि हंबीररावांचा पत्ता लागला.

हंबीरराव बंगलोरातच तीन पिढ्या राहिलेले मराठे. यशवंतपूरच्या पुढे शेतात त्यांचं आवार होतं, तिथे पांढरीशुभ्र पामेरियन पिल्लं विकायला असायची. आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. दिवसभर बाजारात कानडी, ऑफिसात इंग्रजी बोलून जीभ दमलेली असते. फाटकात कोणी मराठीत "या अण्णा, बसा, स्वल्प कॉफी घ्या" म्हणालं की आमची अक्कल चपलांबरोबर बाहेरच राहते. आपला माणूस! आपला माणूस कशाला फसवेल?

हंबीररावांनी साखळीला बांधलेला नर दाखवला. काय ऐट त्याची! आयाळ विंचरलेली, भिंतीवर त्याची सर्टिफिकिटं. अण्णांनी त्याचा बाप कोण, आजा कोण, सगळं विचारलं. आई कुठे, हे विचारलं नाही. स्थळ बघायला गेलो की आपण मुलीच्या आधी तिच्या आईकडे बघतो. खाण तशी माती, असं आपणच म्हणतो. पण कुत्र्याच्या बाबतीत अण्णा बापावर खूश होऊन पिल्लू घेऊन घरी आले.

पिल्लाचं नाव अलकानं कापूस ठेवलं. दोन दिवस वठारात तिचा आवाज ऐकू येत होता. तिसऱ्या दिवशी पिल्लाच्या नाकातून पाणी यायला लागलं, मग झटके. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "हे महिन्याचंसुद्धा नाही. आईच्या दुधावरून ओढून काढलंय. रोग तिथूनच घेऊन आलंय. आई पाहिलीत का तुम्ही?"

 सहाव्या दिवशी कापूस अलकाच्या मांडीवर गेला. अलका परत नुसती मान हलवण्यावर आली.

रविवारी अण्णा पिल्लाची वेताची टोपली पुरावा म्हणून घेऊन भांडायला गेले. फाटकाशी कोणी नव्हतं, म्हणून मागे गेले. मागे पत्र्याची शेड होती. कोंबड्यांच्या खुराड्यांसारखे पिंजरे, एकावर एक, खाली लाकूड नाही, नुसती जाळी. प्रत्येक पिंजऱ्यात एक कुत्री. एकही भुंकत नव्हती. खालच्या पिंजऱ्यातली कधीकाळी पांढरी असावी. जाळीवर उभं राहून तिचे पंजे फाकले होते, स्तन लोंबत होते. अण्णांच्या हातातली टोपली तिच्या नाकाशी आली तशी ती उठली आणि हुंगायला लागली. टोपलीतलं फडकं तिनं जाळीतून दातानं आत ओढलं, उलटंपालटं केलं, पुन्हा पुन्हा केलं. त्यात पिल्लू नव्हतं.

तेवढ्यात हंबीरराव आले. "मेलं होय? असू द्या की अण्णा, दुसरं न्या."

"दुसरं नको. हिला द्या."

हंबीरराव मनापासून हसले. "दुभती म्हैस कोण विकतो हो? वर्षाला दोनदा विते ही."

अण्णांनी चार वेळा मागणी केली. शेवटी म्हणाले, "मग रविवारी तिला जेवायला घालू द्या."

"घाला की! माझाच दाणा वाचला. पण एक अट. फाटकावर गिऱ्हाईक आलं तर तोंड उघडायचं नाही. उघडलंत, तर फाटक बंद."

अण्णांनी अट मान्य केली. अलकाला सांगितलं नाही, कारण ती पिंजरा बघायला मागेल. आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही गावभर केलं असतं आणि हंबीररावांच्या कानावर गेलं असतं. हे मात्र अण्णांनी आम्हाला बरोबर ओळखलं होतं.

म्हणून दोन वर्षं डबा जात राहिला. कुत्री चार वेळा व्याली, चारही वेळा पिल्लं डोळे उघडून चालायला लागली की उचलली गेली. हंबीररावांचा तर फायदाच झाला. अण्णांसारखा सज्जन गृहस्थ दर रविवारी फाटकातून आत जाताना दिसतो म्हटल्यावर माल चोखच असणार, असं गिऱ्हाइकांना वाटायचं. अण्णांना ते दिसत होतं. पण बोललं तर कुत्री उपाशी, आणि न बोललं तर आणखी एक पिल्लू कोणाच्या तरी मांडीवर मरणार. दर रविवारी ते न बोलता परत यायचे.

१९६३च्या संक्रांतीनंतर पुण्याहून वठारात नवीन आलेला इंजिनियर उपेंद्र आणि त्याची बायको विद्या आपल्या मुलासाठी पिल्लू आणायला निघाले. उपेंद्र अण्णांच्याच खात्यातला. फाटकाशी तिघांची गाठ पडली. पाच पावलांवर हंबीरराव उभे होते. तरी अण्णा बोलले.

"उपेंद्र, परत जा. घ्यायचंच असेल तर आधी आई दाखव म्हणावं. शेडमध्ये जाऊन बघ."

विद्यानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "अहो, चला. यांना आपण आत आलेलं नकोय."

उपेंद्र हसून म्हणाला, "अण्णा, आम्हाला काही दिसलं तरी आम्ही कुठे बोलणार नाही हं!"

अण्णांना ते कळलंच नाही. मला पुढे विद्यानंच सांगितलं, आणि मला कळलं. चारच दिवसांपूर्वी हळदीकुंकवाला मी तिच्या ओटीत तिळगुळाबरोबर यशवंतपूरची बाई घातली होती, रस्सा आणि अंगकाठीसकट. अण्णांनी ती बाई याच आवारात ठेवली आहे आणि म्हणूनच ते परत जा म्हणताहेत, असं त्या दोघांना वाटलं. त्यांनी शेड पाहिली नाही. साखळीचा नर पाहिला आणि पिल्लू घेऊन आले.

पुढच्या रविवारी हंबीररावांनी फाटक उघडलं नाही. "सरी अण्णा, बास झालं. आता येऊ नका."

अण्णा तीन रविवार डबा घेऊन बाहेर उभे राहिले. चौथ्या रविवारी शेडवर काम करणारा मल्लाप्पा बाहेर आला. म्हणाला, "अण्णा, डबा घरी न्या. फाटक बंद झालं त्याच बुधवारी बाळंतपणात गेली. तीन पिल्लं दुसरीच्या दुधावर जगली. काल ती पण गेली, गिऱ्हाइकाकडे."

उपेंद्रचं पिल्लू नवव्या दिवशी मेलं. हंबीररावांनी मोठ्या मनानं बदली दिलं, आणि त्यांनी ते घेतलं. आपला माणूस! वठारातल्या आणखी दोन घरांनी घेतलं. अण्णा आता उघड सांगत होते, दारोदार जाऊन सांगत होते. पण सांगणारा माणूस बाई ठेवणारा, त्याचं कोण ऐकतो? मी खुलासा करून पाहिला. वीस वर्षं चुगल्या केलेल्या तोंडाचा खुलासा कोणाला पटत नाही. हंबीररावांनी त्या वर्षी शेड वाढवली.

अण्णा निवृत्त होऊन निपाणीला परत गेले. नळावर तेव्हाही बोललं गेलं की बाई सोडून गेली म्हणून गेले.

बाई नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये एक कुत्री होती. अण्णा तिला रविवारी जेवायला घालायचे, आणि ती पिंजऱ्यातच मेली.