बदामांखाली झाकलेलं लग्न

बदामाचा आकार पाहिला की मला आजही शिसारी येते. पत्त्यातला बदाम नव्हे, लग्नाच्या कॅसेटमधला. लाल, फुगलेला, मधोमध नवरा-नवरी आणि कडेनं चमचमणाऱ्या चांदण्या. अंबाजोगाईत ज्या दुकानात मी लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करायचो, तिथं नवा कॉम्प्युटर आला आणि मालकांना या बदामांचं येडच लागलं. आधी दोन व्हीसीआर जोडून कसंबसं काम चालायचं. आता सगळं बटणावर आलं म्हटल्यावर त्यांचा हात थांबेना. नवरी हळदीला बसली, टाक बदाम. नवरीचा बाप डोळे पुसतोय, त्याच्यावरही टाक बदाम.

मी सांगून सांगून थकलो. अहो, आधी कॅसेट पूर्ण कॉम्प्युटरमध्ये उतरवा. प्रत्येक तुकड्याला नीट नाव द्या: हळद, अक्षता, जेवण, पाठवणी. नाहीतर एक हळद शोधायला अख्खी दुपार जाते. मग तुकडे नुसते ओळीनं लावा, गिऱ्हाइकाला दाखवा, आणि ते हो म्हणाले की काय फुलं-बदाम उधळायचे ते उधळा. एकेक इफेक्ट तयार करायला मशीन तासभर घुरघुरायचं आणि मधेच लाइट गेली की केलेलं पाण्यात, म्हणून घडोघडी सेव्ह करा. आणि गिऱ्हाईक बघून जाईपर्यंत मूळ कॅसेट पुसू नका. यावर मालक गुटखा गालात सरकवून म्हणायचे, तुला लई कळतंय. मग डब्यात पिंक टाकायचे. तो डबा नेमका माझ्या खुर्चीजवळ असायचा.

घाटाखालच्या एका गावातलं लग्न मालकांनी स्वतः शूट केलं, कारण तिथं एक साहेब येणार होते. साहेबांसाठी मुहूर्तही टाळला होता म्हणे, शेवटी वाट बघून लग्न लावायला घेतलं. कॅसेट मी उतरवून दिली. पण साहेब असले की पुढचं काम मालक मला करू देत नसत. माझी पोच नव्हती ना तेवढी.

कॅसेट तयार झाल्यावर नवरीची आई एसटीनं एकटीच दुकानात आली. घरी बघायची सोय नव्हती. तिला फार काही नको होतं. आमच्याकडं लग्न लागताना नवरीची आई ते बघत नाही. मंगलाष्टका सुरू झाल्या की ती पाठ करून तुळशीपाशी बसते, तुळशीला पाणी घालते. तशी तीही बसली होती. एकुलत्या एका लेकीच्या डोक्यावर पडलेल्या अक्षता तेवढ्या बघायच्या, म्हणून तिनं हट्टानं शूटिंग करायला लावलं होतं.

मालकांनी तिला स्टुलावर बसवून कॅसेट लावली. साहेब जीपमधून उतरले. हळूहळू उतरले, आणि पुन्हा एकदा उतरले. हार, फेटा, शाल. वर सिनेमाचं गाणं. मग एक भलामोठा बदाम आला, आत स्टेजवरचा जोडीचा फोटो. बदाम फुटला आणि थेट पंगत सुरू झाली.

"यात लगीन कवा लागतंय?" तिनं विचारलं.

मालक म्हणाले, ते काय, बदामात. तिनं तो लाल प्रकार काढून खालचं दाखवायला सांगितलं. मूळ कॅसेट केव्हाच दुसऱ्या लग्नात वापरून झाली होती. मालक रोज ओरडत असूनही मी कॉम्प्युटरमधलं काही पुसलं नव्हतं. मी ते उघडलं. मालकांनी दिलेली नावं: साहेब एक, साहेब दोन, साहेब तीन. अक्षता नावाचा तुकडाच नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

साहेब एक लावला. अंतरपाट धरलेला. लेक मान खाली घालून उभी. इकडं स्टुलावर आई पदर सावरून पुढं सरकली. तेवढ्यात माईकवर कोणीतरी साहेब आल्याचं पुकारलं आणि कॅमेरा गर्रकन वळला. पुढं नुसते साहेब. मागून मंगलाष्टका ऐकू येत राहिल्या, शुभमंगल सावधान झालं, वाजंत्री वाजली, आणि आमचे साहेब रुमालानं मान पुसत राहिले. कॅमेरा परत वळला तेव्हा लोक पंगतीकडं पळत होते.

साहेबांच्या खांद्यामागं अंगणातली तुळस मात्र दिसत होती. तिच्यापुढं एक बाई पाठमोरी बसलेली, हातात तांब्या. आईनं बोटानं काचेवर ती बाई चाचपली. मालक मधेच म्हणाले, साहेब लई क्लिअर आलेत.

ती त्यांच्याकडं वळली. "म्या पाठ केलती ती रीत हाय म्हणून. तुमी कावून केली, भाऊ?"

मालकांचं तोंड भरलेलं होतं. ते उठले आणि माझ्या खुर्चीजवळच्या डब्यात थुंकले.