कड्याखालून एकेकानं

त्या दिवशी आम्ही पाचजण होतो. मी, माझा लेक, सून, सहा वर्षांची नात नि सुनेची आई, म्हणजे माझी विहीण. लेक ओमानात, सोहारच्या कारखान्यात सुपरवायझर. आम्ही दोघी म्हाताऱ्या थंडीपुरत्या त्याच्याकडं गेलेलो, मी गावातून, ती पुण्यातून.

विहीण मास्तरीण होती, नातीला इंग्रजीत गोष्टी सांगायची. पोर तिच्याच कुशीत झोपायची. तिला नुसती ‘आज्जी’ म्हणायची, मला ‘गावची आज्जी’. माझा जीव जळायचा. बोलले नाय कुणाला.

सुट्टीला इब्री गावाच्या पुढं डोंगरात गेलो. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. गाडी ठेवून खजुरीच्या बागेपर्यंत चालायचं होतं. वाट उभ्या कड्याखालून जायची. तिथं एक म्हातारा शेळ्या घेऊन बसलेला. त्यानं कड्याकडं हात केला, मग एक बोट उभं केलं. “वाहिद, वाहिद.”

लेक म्हणाला, “एकेकानं जा म्हणतोय. पावसानं दगड सुटे झालेत. पोरीला कुणीतरी एकीनंच आणा.”

मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या घाटात दरडीखालून मोळ्या घेऊन आम्ही बाया तशाच जायचो. एक पार होईपर्यंत दुसरीनं पाऊल टाकायचं नाय. मागं राहिलेलीनं वर बघायचं, दगड सुटला की ओरडायचं.

लेक सामान घेऊन पलीकडं गेला, तो पोचल्यावर सून गेली. विहिणीनं लगेच पोरीचा हात धरला.

मी म्हटलं, “तिला माझ्याकडं द्या. मला डोंगराची सवय आहे.”

ती हसली. “अहो विहीणबाई, आधी तुमचे गुडघे सांभाळा!”

पोरपण हसली. माझं काम होतं मागं उभं राहून वर बघायचं. पण ते हसणं मला झोंबलं. मी पोरीचा दुसरा हात धरला नि त्यांच्याबरोबर निघाले. वर बघायला कुणीच राहिलं नाय.

मधोमध आलो नि बारीक खडे यायला लागले. पलीकडनं लेक ओरडला, “आई, पळा!” विहीण पोरीला पुढं ओढते, मी मागं ओढते. पोर मधेच लटकली, रडायला लागली. मी काय हात सोडला नाय. विहिणीनं सोडला. मी पोरीला घेऊन मागं पडले. नारळाएवढा दगड आला तो विहिणीच्या खांद्यावर. हाड मोडलं.

खाली बसून पहिलं विचारलं तिनं, “पोरगी बरी आहे ना?”

पोर माझ्या मांडीवरनं उठून तिच्याकडंच गेली.

तिचं हाड जुळलं. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाय. मला मात्र आजपण तिचा हेवा वाटतो. हात सोडायचं तिला सुचलं, मला नाय सुचलं.

वाचणाऱ्यांनो, पाऊस पडून गेल्यावर कड्याखालून जाल तेव्हा एकेकानं जा. मागं राहील त्यानं वर बघा. नि पोराचा हात एकानंच धरा.